वीस अंकी संख्या तपासताना: उतरवण्यापासून मूळ अवयवांपर्यंत

मोठ्या संख्येचे गुणधर्म शोधताना गणित चुकते ते बहुधा अवघड पायरीवर नाही. संख्या उतरवताना एक अंक सरकतो, भागाकारात एक शून्य गळते, किंवा आधी करायची पायरी नंतर केली जाते, आणि पुढचे सगळे कष्ट वाया जातात. म्हणून इथे एकच संख्या घेऊन ती पहिल्या अंकापासून शेवटच्या अवयवापर्यंत सोडवू. आपली संख्या:

१८४४६७४४०७३७०९५५१६१५

हिला पुढे ‘म’ म्हणू. ती सम की विषम, पूर्ण वर्ग आहे का, तिचे मूळ अवयव कोणते, एकूण विभाजक किती, हे सगळे कागद-पेन्सिलने काढता येते. तासाभराचे काम आहे, पण क्रम मोडायचा नाही.

तयारी

चौकटींचा कागद घ्या आणि एका चौकटीत एकच अंक लिहा. शंभरच्या आतल्या २५ मूळ संख्यांची यादी शेजारी ठेवा. साधा गणकयंत्र चालेल, पण आठ-दहा अंकांच्या पुढच्या आकड्यासाठी त्यावर विसंबू नका.

संगणकाबद्दल इथेच सांगतो, कारण सर्वांत जास्त घात तिथे होतो. स्प्रेडशीटच्या चौकटीत ‘म’ टाकून पाहा. बहुतेक ठिकाणी पहिले पंधरा अंकच टिकतात आणि उरलेल्या जागी शून्ये येतात: १८४४६७४४०७३७०९५०००००. दशांश अपूर्णांकांसाठी बनवलेल्या नेहमीच्या ६४ बिटांच्या साठवणुकीत तर ‘म’ मावतच नाही. तिथे ती गुपचूप १ ने वाढून १८४४६७४४०७३७०९५५१६१६ होते. फरक फक्त एकाचा, पण विषम संख्या सम झाली आणि सात वेगवेगळे मूळ अवयव असलेली संख्या निव्वळ दोनचा घात होऊन बसली. या साठवणुकीत प्रत्येक पूर्णांक नेमका मिळण्याची खात्री २^५३ पर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंत असते. (२^५३ म्हणजे २ चा ५३ वा घात. पुढेही हेच चिन्ह वापरू.)

> इशारा: संगणक वापरायचाच असेल तर हवे तितके अंक अचूक ठेवणारी पूर्णांक-सोय असलेली भाषा किंवा साधन घ्या. संख्या मजकूर म्हणून टाका आणि उत्तरात ‘ई’ अक्षर किंवा दशांशचिन्ह दिसले की ते उत्तर तिथेच सोडून द्या.

टप्पा १: संख्या उतरवा आणि गट पाडा

आपल्या हाताला लाख-कोटींचे स्वल्पविराम सवयीचे आहेत: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. वाचायला ही मांडणी उत्तम. विभाज्यतेच्या कसोट्यांसाठी मात्र ती उपयोगाची नाही, कारण तिच्यात उजवीकडून पहिला गट तीन अंकांचा आणि पुढचे दोन-दोन अंकांचे असतात. ७, ११ आणि १३ ची कसोटी सलग तीन-तीन अंकांच्या गटांवर चालते. म्हणून उजवीकडून तीन-तीन अंक तोडा:

१८ | ४४६ | ७४४ | ०७३ | ७०९ | ५५१ | ६१५

डावीकडून गट पाडणे ही इथली नेहमीची चूक. अंकसंख्या तीनने भागली जाते तेव्हा ती झाकली जाते. आपल्या वीस अंकांत ती लगेच उघडी पडेल, पण सवय आत्ताच लावा. ‘०७३’ मधले शून्यही लिहायचेच.

टप्पा २: संख्येचे दोन ठसे घ्या

पुढच्या प्रत्येक भागाकाराची पडताळणी या दोन आकड्यांवर होणार आहे, म्हणून हा टप्पा गाळू नका.

पहिला ठसा अंकमूळ. सगळ्या अंकांची बेरीज ८७ येते. ८ + ७ = १५, १ + ५ = ६. म्हणजे ९ ने भागल्यास बाकी ६.

दुसरा ठसा ११ ची बाकी. उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक मिळवले की ६२ होतात आणि उरलेले मिळवले की २५. वजाबाकी ३७, तिला ११ ने भागल्यास बाकी ४.

दोन ठसे कशाला? अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, त्यामुळे ७०९ च्या जागी ७९० लिहिले गेले तर अंकमूळाला पत्ता लागत नाही. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल ११ ची बाकी मात्र हमखास पकडते.

> तपासा: कागदावरच्या अंकांवरून दोन्ही ठसे पुन्हा काढा. ६ आणि ४ आले तरच पुढे जा.

टप्पा ३: लहान मूळ संख्यांच्या कसोट्या

शेवटचा अंक ५. म्हणजे संख्या विषम आणि ५ ने विभाज्य. शेवटचे दोन अंक १५ आहेत, म्हणून २५ ने विभाज्य नाही. एवढ्यावरच आणखी एक गोष्ट ठरली: ५ ने संपणारा प्रत्येक पूर्ण वर्ग २५ ने संपतो, त्यामुळे ‘म’ पूर्ण वर्ग नाही. वर्गमूळ काढत बसण्याची गरजच नाही.

अंकांची बेरीज ८७ ही ३ ने विभाज्य आहे, ९ ने नाही. म्हणजे अवयवांत ३ एकदाच येणार.

७, ११ आणि १३ साठी तीन अंकी गट उजवीकडून आलटून पालटून मिळवा आणि वजा करा:

६१५ − ५५१ + ७०९ − ७३ + ७४४ − ४४६ + १८ = १०१६

७ × ११ × १३ = १००१ असल्याने ‘म’ ची बाकी आणि १०१६ ची बाकी या तिघांसाठी सारखीच. १०१६ ला ७ ने भागल्यास बाकी १, ११ ने ४, १३ ने २. तिन्हींपैकी एकही अवयव नाही. ११ ची बाकी ४ ही दुसऱ्या ठशाशी जुळली, म्हणजे गटही बरोबर पडलेत.

इथली चूक चिन्हांची असते. अधिकची सुरुवात नेहमी उजवीकडच्या गटापासून करायची. डावीकडून सुरू केले आणि गटांची संख्या सम असली, तर बाकीचे चिन्ह उलटते. विभाज्य आहे की नाही एवढेच हवे असेल तर बिघडत नाही, पण बाकी पुढे वापरायची असेल तर सगळे फिरते.

३ आणि ५ हाती लागले. आता ‘म’ ला १५ ने भागा:

१२२९७८२९३८२४७३०३४४१

> तपासा: या भागाकाराचे अंकमूळ ७, १५ चे ६. गुणाकार ४२, त्याचे अंकमूळ ६. जुळले.

टप्पा ४: पुढे भाग देण्याआधी शेजाऱ्यांकडे पाहा

बहुतेकजण हा टप्पा ओलांडून १७, १९, २३ असे पुढे जात राहतात. नशीब चांगले असेल तर काही सापडते, नाहीतर दिवस जातो. मोठी संख्या सहसा कुठून तरी आलेली असते. ती एखाद्या घाताच्या एक अलीकडे किंवा एक पलीकडे आहे का, हे पाहायला दोन मिनिटे लागतात आणि कधी कधी अख्खे कोडे सुटते.

‘म’ मध्ये १ मिळवा: १८४४६७४४०७३७०९५५१६१६. शेवटचे तीन अंक ६१६ हे ८ ने विभाज्य आहेत, म्हणजे आत दोनचे बरेच घात असू शकतात. वर्गमूळ काढून पाहा. ते नेमके ४२९४९६७२९६ येते. त्याचे वर्गमूळ ६५५३६, मग २५६, १६, ४, २. सहा वेळा वर्गमूळ काढून आपण २ वर आलो, म्हणजे म + १ = २^६४.

खात्री दोन बाजूंनी करा. एक, अंकसंख्या. २ चा दहाच्या पायावरचा लॉगरिदम ०.३०१०३, त्याला ६४ ने गुणल्यास १९.२६५९. पूर्णांक भाग १९, त्यात १ मिळवून २० अंक. इथे १९.२६ जवळच्या पूर्णांकाला नेऊन ‘१९ अंक’ म्हणणारे खूप भेटतात. नियम असा: अपूर्णांक टाकून द्या, मग १ मिळवा. २^६४ मधून १ वजा केल्याने अंक कमी होत नाही, कारण अंक कमी व्हायला मूळ आकडा १ आणि पुढे नुसती शून्ये असा लागतो, आणि १ सोडला तर दोनचा कुठलाच घात तसा नसतो.

दुसरी बाजू शेवटच्या अंकांची. २ च्या घातांचा शेवटचा अंक २, ४, ८, ६ असा फिरतो. ६४ ला ४ ने भागल्यास बाकी ०. बाकी ० आली की चक्रातला शेवटचा अंक घ्यायचा, म्हणजे ६. पहिला घेतला तर २ येईल आणि उत्तर चुकेल. शेवटचे दोन अंक वीस घातांनी परत येतात. ६४ ला २० ने भागल्यास बाकी ४, आणि २^४ = १६. जुळले.

> इशारा: दोन अंकांचे हे चक्र २^२ पासून सुरू होते, २^१ त्यात नाही. २^६१ चे शेवटचे दोन अंक काढताना बाकी १ येते म्हणून ०२ लिहाल तर चूक. २^२१ = २०९७१५२, म्हणून उत्तर ५२.

टप्पा ५: घडणीवरून तुकडे पाडा

आता शाळेतले सूत्र कामाला येते: वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. २^६४ − १ म्हणजे (२^३२ + १)(२^३२ − १). उजवा कंस पुन्हा तसाच फुटतो, पुन्हा, पुन्हा, शेवटी २ − १ उरेपर्यंत. हाती येते:

म = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

वजाचा कंस फुटतो, अधिकचा या सूत्राने फुटत नाही. घाईत २^३२ + १ ला (२^१६ + १)(२^१६ + १) असे लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे. तो गुणाकार करून पाहा, मध्ये २^१७ जास्तीचा येतो.

टप्पा ६: सूत्रावर न थांबता भाग देऊन पाहा

सूत्र बरोबर असले तरी आपण उतरवलेली संख्या तीच आहे याचा पुरावा प्रत्यक्ष भागाकारच देतो. १५ ने भागून आलेल्या संख्येला १७ ने भागू. तीन-तीन अंकांचे गट: १ | २२९ | ७८२ | ९३८ | २४७ | ३०३ | ४४१. मागची बाकी पुढच्या गटाच्या डावीकडे चिकटवायची:

- १२२९ ÷ १७: भागाकार ७२, बाकी ५
- ५७८२ ÷ १७: भागाकार ३४०, बाकी २
- २९३८ ÷ १७: भागाकार १७२, बाकी १४
- १४२४७ ÷ १७: भागाकार ८३८, बाकी १
- १३०३ ÷ १७: भागाकार ०७६, बाकी ११
- ११४४१ ÷ १७: भागाकार ६७३, बाकी ०

उत्तर ७२३४०१७२८३८०७६६७३. पाचव्या ओळीतला भागाकार ७६ असला तरी तो तीन जागा भरतो, म्हणून ०७६ लिहायचे. हे शून्य गळले की उत्तर एका अंकाने आखूड होते. या पद्धतीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात, आणि शून्याने बेरीज बदलत नसल्यामुळे अंकमूळाला ही चूक दिसत नाही. म्हणून प्रत्येक भागाकारानंतर अंक मोजा. पहिला गट सोडून प्रत्येक गटाला बरोबर तीन जागा.

पुढचे दोन भागाकार याच रीतीने: २५७ ने भागल्यावर २८१४७९२७१७४३४८९, आणि त्याला ६५५३७ ने भागल्यावर ४२९४९६७२९७.

> तपासा: ६५५३७ चे अंकमूळ ८, ४२९४९६७२९७ चे ५. गुणाकार ४०, अंकमूळ ४. २८१४७९२७१७४३४८९ चेही ४.

टप्पा ७: उरलेला दहा अंकी तुकडा

३, ५, १७ या मूळ संख्या आहेत. २५७ चे वर्गमूळ १६ च्या जरा पुढे, आणि २ पासून १३ पर्यंतची एकही मूळ संख्या तिला भागत नाही. प्रश्न ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ चा.

४२९४९६७२९७ चे वर्गमूळ सुमारे ६५५३६. तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्या म्हटल्या तर हजारो भागाकार होतील. पण आपल्याला तिची घडण माहीत आहे. समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. मग २^३२ ला प ने भागल्यास बाकी −१ (म्हणजे भाग पूर्ण जायला १ कमी), आणि २^६४ ची बाकी १. म्हणजे प च्या हिशेबात २ चे घात बरोबर ६४ पायऱ्यांनी परत १ वर येतात, आणि असे चक्र नेहमी प − १ ला भागते. म्हणून प ही ६४क + १ अशी असली पाहिजे (क म्हणजे कुठलीतरी पूर्ण संख्या). थोडे पुढे नेल्यास ती १२८क + १ अशीच असते हेही सिद्ध होते, कारण अशा प साठी २ हा स्वतः कुणाच्या तरी वर्गाची बाकी असतो. यादी एकदम आटोपशीर झाली: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१… यातल्या पहिल्या दोन मूळ संख्या २५७ आणि ६४१.

२५७: २^८ ची बाकी −१, म्हणून २^३२ ची बाकी १ आणि २^३२ + १ ची बाकी २. नाही.

६४१: वर्ग करत जा आणि दर पायरीला बाकी घ्या. २^८ = २५६. २^१६ = ६५५३६, त्यातून ६४१ × १०२ = ६५३८२ वजा केल्यास १५४. १५४ चा वर्ग २३७१६, त्यातून ६४१ × ३६ = २३०७६ वजा केल्यास ६४०, म्हणजेच −१. २^३२ ची बाकी −१, म्हणून २^३२ + १ ची बाकी ०. दुसऱ्याच प्रयत्नात अवयव सापडला:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

> इशारा: बाकी काढताना घातांकाला ६४१ ने कापू नका. मूळ संख्या प असेल तर घातांकाचे चक्र प − १ चे असते, इथे ६४० चे.

दुसरी एक फसगत इथेच टाळा. ‘२ च्या (न − १) व्या घाताला न ने भागल्यास बाकी १ आली, म्हणून न मूळ’ अशी झटपट चाचणी लोकप्रिय आहे. बाकी १ आली नाही तर न (विषम असताना) नक्की संयुक्त. पण १ आली तर काहीच सिद्ध होत नाही. ३४१ = ११ × ३१ ही चाचणी पार करते. आपला ४२९४९६७२९७ सुद्धा करतो: २^६४ ची बाकी १ आहे आणि न − १ = २^३२ ला ६४ ने भाग जातो. ही चाचणी नापास करण्यासाठी वापरा, पास करण्यासाठी नाही.

टप्पा ८: ‘मूळ आहे’ हे सिद्ध करा

‘आता भाग जात नाही’ हा पुरावा नव्हे. वर्गमूळापर्यंतचा प्रत्येक उमेदवार तपासला असेल तरच संख्या मूळ म्हणायची.

६५५३७ साठी वरच्याच युक्तिवादाने उमेदवार ६४क + १ असे मिळतात आणि वर्गमूळ २५६ च्या किंचित पुढे आहे. म्हणजे ६५, १२९, १९३. मूळ फक्त १९३. भागल्यास बाकी ११०. ६५५३७ मूळ.

६४१ चे वर्गमूळ २५ च्या पुढे. २३ पर्यंतच्या नऊ मूळ संख्यांनी भागून पाहा, एकही भाग पूर्ण जात नाही.

६७००४१७ चे वर्गमूळ सुमारे २५८८. तिचा कुठलाही मूळ अवयव २^३२ + १ चाही अवयव, म्हणून १२८क + १ हे रूप इथेही लागू. २५८८ पर्यंत अशा वीस संख्या, त्यातल्या मूळ फक्त पाच. बाक्या अशा: २५७ ने १७०, ६४१ ने ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. एकही शून्य नाही. सात अंकी संख्या पाच भागाकारांत मूळ ठरली. मला स्वतःला या सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत आवडते.

यादीत ६४१ पुन्हा का? कारण एकदा सापडलेला अवयव दुसऱ्यांदाही असू शकतो. तो तपासायचा राहून गेला तर पुढची विभाजकांची मोजणी चुकते.

टप्पा ९: अवयवांवरून बाकीचे गुणधर्म

म = ३ × ५ × १७ × २५७ × ६४१ × ६५५३७ × ६७००४१७

सातही अवयव वेगळे, प्रत्येकाचा घातांक १. म्हणून १ पेक्षा मोठ्या कुठल्याच पूर्ण वर्गाने ‘म’ भागली जात नाही.

विभाजकांची संख्या काढताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा. इथे २ सात वेळा, म्हणजे १२८. घातांकांत १ न मिळवता गुणाकार केला तर उत्तर १ येते, आणि ७ म्हणणारे अवयव मोजत असतात, विभाजक नव्हे. या १२८ मध्ये १ आणि स्वतः ‘म’ धरलेले आहेत.

सगळ्या विभाजकांची बेरीज ४ × ६ × १८ × २५८ × ६४२ × ६५५३८ × ६७००४१८. ‘म’ परिपूर्ण आहे का (स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येते का), एवढेच पाहायचे असेल तर हा गुणाकार करू नका. बेरजेचे ‘म’ शी गुणोत्तर काढा: ४/३ × ६/५ = १.६, पुढे १८/१७ ने १.६९४१, २५८/२५७ ने १.७००७, ६४२/६४१ ने १.७०३४. उरलेले दोन गुणक १ ला इतके चिकटलेले आहेत की चार दशांश स्थळांपर्यंत काही हलत नाही. परिपूर्ण संख्येत हे गुणोत्तर नेमके २ असते. इथे ते २ पेक्षा कमी, म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या १२७ विभाजकांची बेरीज ‘म’ पेक्षा लहानच राहते.

> शेवटची तपासणी: सात अवयवांची अंकमूळे ३, ५, ८, ५, २, ८, ७. क्रमाने गुणत जा आणि दर वेळी अंकमूळ घ्या: ६, ३, ६, ३, ६, ६. मग ११ च्या बाक्या ३, ५, ६, ४, ३, १०, ९ याच रीतीने गुणा: ४, २, ८, २, ९, ४. शेवटचे आकडे ६ आणि ४ यायला हवेत, तेच आले. जुळले.